पाच जणांचा प्रसाद

पोह्याचा मुखिया म्हणून टेकचंदची आंबागडात जी पत होती ती सरपंचालाही नव्हती, आणि ही गोष्ट सरपंचापेक्षा टेकचंदला जास्त ठाऊक होती. पोहा म्हणजे महाशिवरात्रीला वाजतगाजत महादेवाच्या भेटीला निघणारी गावातल्या माणसांची टोळी. आंबागडचा पोहा दरवर्षी गायमुखला जायचा. पुढे खांद्यावर त्रिशूळ घेतलेला टेकचंद, मागे डफ, झांजा आणि अर्धं गाव. बाकी वर्षभर तो चार बांध्यांत धान लावणारा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारा साधा शेतकरी होता. पण त्या आठ दिवसांत त्याला कोणी नावानं हाक मारली, तर तो ऐकू न आल्यासारखं करायचा. ‘मुखिया’ म्हटलं की लगेच वळायचा.

गायमुखला पोचल्यावर महादेवापुढे चिलीम पेटवायची, पहिला झुरका मुखियानं घ्यायचा आणि मग ती पाच जणांत फिरवायची, अशी रीत होती. महादेवाचा प्रसाद एकट्यानं घ्यायचा नसतो, पाच तोंडं लागलीच पाहिजेत, हे टेकचंदला त्याच्या बापानं सांगितलं होतं. गांजा यायचा बावनथडीपलीकडून. नदीच्या त्या काठाला मध्य प्रदेश, आणि तिथल्या सरकारमान्य दुकानात तो राजरोस मिळायचा. या काठाला मात्र तोच गुन्हा होता. माघात नदीला गुडघ्याएवढंही पाणी नसायचं, तेव्हा कायदाही साधारण तेवढाच खोल असेल असं लोकांना वाटलं, तर त्यांना दोष देता येत नाही. यात्रेत बंदोबस्ताला आलेला शिपाईसुद्धा टोपी काढून त्या पाच जणांत बसायचा.

इश्वर हा टेकचंदचा एकुलता एक मुलगा. आयटीआयमधून वेल्डिंग शिकलेला, हाताचा पक्का, बोलायला कमी. पोह्यात तो फक्त मायच्या शब्दाखातर चालायचा आणि चिलीम समोर आली की ओठाला न लावता पुढच्याकडे सरकवायचा. टेकचंदला ते खुपायचं, पण चारचौघांत पोराला बोलण्याएवढा तो अडाणी नव्हता. चौऱ्याऐंशी साली नागपूरच्या एका एजंटामार्फत इश्वरला आखातात काम लागलं. शिवरात्र झाल्यावर तिसऱ्या दिवशी निघायचं ठरलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी जेवताना इश्वर मायला सांगत होता, “तिकडचा कायदा लय कडक आहे, माय. दारूचा थेंब सापडला तरी आत टाकते म्हणतेत. एजंटानं सगळ्यांले बसवून सांगतलं.”

“तुले कायची भीती? तू कुठं पितेस?” निर्मलाबाई म्हणाली.

टेकचंद हे ऐकत होता. ऐकून त्यानं मान हलवली. दारू वाईटच, असले कायदे इकडेही पाहिजेत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. आणि जेवण झाल्यावर हात धुऊन तो देवघरात गेला आणि यंदा गायमुखला महादेवापुढे ठेवलेल्या गांज्यातला चिमूटभर त्यानं कागदात बांधला, त्याला लाल दोरा गुंडाळला आणि दोऱ्याला पाच गाठी मारल्या. दारू आणि हे एकाच पारड्यात मोजतील असं कोणी त्याला सांगितलं असतं, तर त्याला त्या माणसाची कीव आली असती.

पोह्यातला माणूस परमुलखात पोटासाठी गेला, तर त्यानं तिथल्या पहिल्या सोमवारी पाच जण बसवून प्रसाद द्यायचा, म्हणजे ती जागा त्याला सांभाळते, ही त्या घरची जुनी रीत. टेकचंद स्वतः तरणा असताना मँगनीजच्या खाणीत कामाला होता. तिथं त्यानं असाच प्रसाद पाच जणांना दिला होता. पुढच्याच आठवड्यात खाणीतली एक दरड खाली आली, आणि नेमके ते पाच जण आणि टेकचंद तेव्हा बाहेर पाणी पीत होते. ही गोष्ट त्यानं इतक्या वेळा सांगितली होती की गावातल्या लहान पोरांनाही पाठ होती. इश्वरनं ती ऐकली की तो म्हणायचा, “बाबा, जेवायची सुट्टी झाली होती म्हणून बाहेर होते.”

म्हणूनच टेकचंदनं पुडी त्याच्या हातात दिली नाही. निर्मलाबाईनं पोरासाठी चिन्नोर तांदूळ पिशवीत भरून ठेवला होता, परदेशात आपल्या भाताचा वास तरी यावा म्हणून. टेकचंदनं त्या तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि पुडी तळाशी ठेवली. इश्वरचा पत्ता कळला की गावातल्या गुरुजींकडून चार ओळी लिहवून घ्यायच्या, पुडी कुठं आहे ते कळवायचं. एकदा तिथं पोचल्यावर पोरगं बापाचा शब्द टाकणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पिशवी निर्मलाबाईनं आपल्या हातानं शिवली.

पत्ता यायच्या आधी बातमी आली. इश्वरबरोबर तुमसरचा एक पोरगा होता, त्यानं घरी लिहिलेलं पत्र त्याच्या भावानं सायकलवर आंबागडला आणलं. ते वाचलं पुंडलिकराव गुरुजींनी. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण गावातलं पत्र, नोटीस, औषधाच्या बाटलीवरचा कागद, सगळं अजून त्यांच्याच चष्म्यातून जायचं. तिकडच्या विमानतळावर साहेबांनी तांदळाची पिशवी टेबलावर रिकामी केली, त्यात गांज्याची पुडी निघाली, इश्वरला तिथूनच धरून नेलं, असं पत्रात होतं.

टेकचंदच्या ओसरीवर गाव जमलं. जो तो एजंटाला शिव्या घालत होता. “त्यानंच घातलं असन. असे लोक दुसऱ्याच्या सामानात माल पाठवतेत,” एक जण म्हणाला. तुलाराम, जो पोह्यात टेकचंदच्या मागे निशाण धरून चालायचा, तो ठासून म्हणाला, “मुखियाच्या घरचं पोरगं असं करूच शकत नाही. कोण्या हरामखोराचं काम आहे हे.” टेकचंदनं तोंड उघडलं होतं. तुलारामचं वाक्य ऐकलं आणि मिटलं. आता नाही, लोक गेल्यावर गुरुजींना एकट्याला सांगू, असं त्यानं ठरवलं. लोक गेले, गुरुजीही गेले. मग त्यानं ठरवलं की उद्या सांगू.

सांगण्याचा दिवस असा एकदा पुढे ढकलला की तो पुढेच जात राहतो. चैत्र गेला, तेंदूपत्ता झाला, धानाचे पऱ्हे टाकले, रोवणी झाली. श्रावणात इश्वरचं स्वतःचं पत्र आलं. गुरुजी वाचत होते आणि नवराबायको समोर बसून ऐकत होती.

“माय, बाबा, मी बरा आहे. पुडी माझीच होती. माझं पोट दुखते म्हणून मी ते खात होतो, असं मी साहेबाला सांगितलं. स्वतःपुरतं होतं म्हणून शिक्षा कमी झाली. दोन वर्षं. शहाऐंशीच्या शिवरात्रीपर्यंत सुटतो. इथं वेल्डिंगचं काम देतात. काळजी करू नका.”

टेकचंदला एका क्षणात सगळं समजलं. लाल दोरा आणि पाच गाठी इश्वरनं जन्मापासून पाहिल्या होत्या. टेबलावर पुडी पडली तेव्हाच त्यानं बापाचा हात ओळखला असणार, आणि बापाचं नाव घ्यायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं असणार. टेकचंदला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली, आणि ती लाज बरेच दिवस गेली नाही. पण तो बोलला मात्र नाही.

निर्मलाबाईनं पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं मानलं. “माह्या डोळ्यासमोर पोरगा हे खात होता अन् मले समजलं नाही,” ती म्हणायची. पाणी भरताना म्हणायची, निंदण करताना म्हणायची. पोटदुखीचं तिनं कधी नीट विचारलं नव्हतं, एकदा सुंठ देऊन मोकळी झाली होती, असं तिला आठवायला लागलं. खरं तर तसं काही झालंच नव्हतं. नवरा शेजारी बसून ऐकायचा आणि बैलांना पाणी दाखवायला उठून जायचा. त्या वर्षी बैलांना तहान जरा जास्तच लागली.

गावानं मात्र बरंच सांभाळून घेतलं. पंच्याऐंशीच्या शिवरात्रीला त्रिशूळ टेकचंदच्याच खांद्यावर होता. लोक हळू आवाजात म्हणायचे, पोराला नाद लागला त्यात बापाचा काय दोष. टेकचंद खाली मान घालून चालायचा, आणि लोकांना ते मोठेपण वाटायचं.

ते तसंच चाललं असतं आणि इश्वर आपल्या तारखेला घरी आला असता. पण पंच्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात नवा कायदा आला. गुरुजींनी पेपर वाचून दाखवला. गांजा, अफू, असल्या सगळ्यासाठी देशभर एकच कायदा, दहा दहा वर्षांची शिक्षा. नदीपलीकडचं दुकानही आता बंद होणार म्हणे. मागच्या यात्रेत पाच जणांत बसलेला शिपाई एक दिवस गावात आला आणि खाटेवर न बसता उभ्यानंच बोलला. म्हणाला, “या गावचा एक पोरगा गांज्यात आत आहे, वर नोंद आहे. यंदा पोह्यावर नजर राहीन. समजून घ्या.”

तो गेला आणि दुपारी मारुतीच्या पारावर बैठक बसली. तुलारामनंच विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता, पण निशाण धरून त्याला बारा वर्षं झाली होती.

“मुखिया, राग नका धरू. यंदा चिलीम नाही, नुसता नारळ फोडू. पण त्रिशूळ बी यंदा दुसऱ्याच्या खांद्यावर राहू द्या. तुमच्या घरावर डाग आहे. पोलीस पहिले तुमालेच पाहीन.”

“माह्या घरावर कायचा डाग?” टेकचंदनं विचारलं.

“आता काय सांगाव जी. इश्वर गंजेटी निघाला, हे तं साऱ्यांले मालूम आहे.”

टेकचंद उभा राहिला. वीस महिने जे बाहेर आलं नव्हतं ते आता आलं, आणि त्याला बाहेर काढलं ते पोराच्या मायेनं की त्रिशूळाच्या, हे विचारू नये हेच बरं. तो म्हणाला, “माहा पोरगा गंजेटी नाही. त्यानं आयुष्यात चिलमीले तोंड लावलं नाही. पुडी म्या ठेवली. तांदळात. महादेवाचा प्रसाद होता, त्याले न सांगता ठेवला. त्यानं बापाचं नाव नाही घेतलं अन् आपल्यावर घेतलं.”

मग एक म्हातारा रडायला लागला, तुलारामनं वाकून टेकचंदचे पाय धरले, आणि पाचच मिनिटांपूर्वी ज्या घरावर डाग होता त्या घरात असा मुलगा जन्मला म्हणून सगळे गहिवरून गेले. त्रिशूळाचा विषय पुन्हा निघाला नाही. टेकचंदला छाती इतकी हलकी वाटत होती की आपण हे आधीच का केलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

तो घरी पोचला त्याच्या आधी बातमी पोचली होती. निर्मलाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“तुमी ठेवली?”

“हो.”

“त्या तांदळात?”

“हो.”

टेकचंदला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि ती द्यावी असंही त्याला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, “म्हणजे पोरगा चांगला आहे माहा.” आणि पदर तोंडावर घेऊन रडली. वीस महिन्यांत पहिल्यांदाच तिला रडून बरं वाटलं.

संध्याकाळी गुरुजी आले. त्यांचं म्हणणं असं, की हे सगळं स्टॅम्प पेपरवर लिहून आपल्या वकिलातीमार्फत तिकडच्या कोर्टात पाठवलं, तर निर्दोष माणसाला ते एक दिवसही ठेवणार नाहीत. शिवरात्रीला अजून साडेतीन महिने होते. दिवाळी तर नुकतीच गेली होती, पण संक्रांतीला पोरगं घरी येऊ शकतं. “खरं आहे ते लिहायला घाबरायचं कशाला?” गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं.

“लवकर येईन नं पण?” निर्मलाबाईनं विचारलं.

“येईन,” टेकचंद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टेकचंद आणि गुरुजी एसटीनं भंडाऱ्याला गेले. वकील तरुण होता, पण समंजस होता. त्यानं सगळं ऐकून आधी टेकचंदलाच सावध केलं. “हे लिहून दिलंत तर इकडचे पोलीस तुम्हालाच धरू शकतात. गोष्ट जुनी आहे, पण नव्या कायद्याचा जोर आहे सध्या.”

“धरू द्या,” टेकचंद म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणाला. त्या घडीला त्याला कसलीच भीती नव्हती.

वकील लिहायला लागला. पुडी कुठून आणली, किती होती, कुठं ठेवली. मग त्यानं विचारलं, “का ठेवली? पोरानं जवळ बाळगावी, देवाचा अंगारा असतो तशी, असं लिहू?”

“जवळ बाळगायले नाही जी. पाच जणांत वाटायले.”

वकिलानं पेन थांबवलं. “एवढं खोलात कशाला? नुसतं प्रसाद म्हणून ठेवली, असं लिहितो.”

“एकट्यानं खाल्ला तं तो प्रसाद राहत नाही, वकीलसाहेब. व्यसन होते ते. माहा पोरगा व्यसनी नाही, म्हणून तं हा कागद. पाच जणांत वाटायले ठेवली, असंच लिहा.”

वकिलानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, “रीत तशीच आहे. खरं तेच लिहावं.” वकीलही याच मुलखातला. त्याच्या आजोळचा पोहा गायमुखला यायचा, लहानपणी तो मामाच्या खांद्यावर बसून आला होता. त्यालाही त्या ओळीत काही वावगं दिसलं नाही. त्यानं इंग्रजीत सगळं टाईप करून घेतलं, टेकचंदनं सही केली, आणि कागद रवाना झाला.

पोलीस काही आले नाहीत. संक्रांत आली आणि गेली. इश्वर आला नाही, पण कागद सातासमुद्रापार जायचा म्हटल्यावर वेळ लागणारच, असं गुरुजी म्हणाले. निर्मलाबाईनं ओसरी सारवली, भिंतीला पांढरी माती दिली, चिन्नोराचा नवा तांदूळ वेगळा काढून ठेवला. आता नाही तर शिवरात्रीला तर तो येणारच होता, तारीख तर पक्की होती. टेकचंद गावातून जाताना लोक उठून उभे राहायचे. दुसऱ्या गावच्या पोह्याची माणसंही त्याला पाहायला येऊन गेली. त्याला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून त्यात पाप होतं असंही नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पोहा टेकचंदच्या दारात जमत होता. झांजा बाहेर निघाल्या होत्या, तुलाराम निशाणाला नवं कापड बांधत होता. तेवढ्यात पोस्टमन आला. टेकचंदनं पत्र घेऊन गुरुजींना आत बोलावलं, निर्मलाबाई पदराला हात पुसत चुलीपासून उठून आली. गुरुजींनी चष्मा लावला आणि नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“बाबा, तुमचा कागद इथं पोचला. मला कोर्टात उभं केलं आणि दुभाष्यानं तो वाचला. साहेब म्हणाले, याचा बापच लिहून देतो की माल पाच लोकांत वाटायला आणला होता. स्वतःपुरता होता असं तू सांगितलंस ते खोटं निघालं. मी म्हटलं, आमच्यात देवाचा प्रसाद असा वाटतात. ते म्हणाले, ज्यांना वाटणार होतास त्या पाच जणांची नावं सांग. मी कुणाची नावं सांगू? मी म्हटलं, मला तर पुडी आहे हेच माहीत नव्हतं. ते म्हणाले, मग आधी माझी आहे असं का म्हणालास? त्याचं मी काही उत्तर दिलं नाही. नवीन खटला झाला. पहिली शिक्षा संपायला चाळीस दिवस राहिले होते, चांगल्या वागण्याची आठ दिवस सूटही मिळाली होती, ती गेली. आता दहा वर्षांची शिक्षा झाली आहे. ही शिक्षा आता सुरू होते. मायला एकदम सांगू नका, सध्या एक वर्ष सांगा, मग...”

गुरुजी थांबले तोवर ते वाचून झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, तो पुसायला धोतराचा सोगा हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

बाहेर कोणीतरी डफावर थाप मारून पाहिली.

“गुरुजी,” निर्मलाबाई म्हणाली, “कागद पाठवला नसता तं?”

गुरुजींना उत्तर देणं भाग होतं. “तर या महिन्यात घरी असता, बाई.”

टेकचंद म्हणाला, “म्या खरं सांगतलं. जे होतं ते खरं सांगतलं.” ते त्यानं कोणाला उद्देशून म्हटलं हे त्यालाही कळलं नाही. त्याला वाटत होतं की गुरुजी बोलतील, की खरं तर खरंच. गुरुजींनी चष्मा खिशात घातला.

निर्मलाबाई रडली नाही. तिनं पत्र गुरुजींच्या हातून घेतलं. वाचता येत नसतानाही ते उलगडून पाहिलं, आणि घडी करून कमरेला खोचलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

“इश्वरले विचारलं तं तो बोलला नाही,” ती म्हणाली. “तुमाले कोणं विचारलं होतं?”

दारातून तुलारामचा आवाज आला, “मुखिया, ऊन चढून राहिलं. निघायचं नं?” टेकचंदनं ऐकलं. तुलारामनं पुन्हा हाक मारली, मुखिया, मुखिया. टेकचंद तिथंच बसून राहिला, वळला नाही.